मालकांच्या दोन खाटा

भाड्याची खोली पाहायला गेले तेव्हा दार उघडणाऱ्या बाईंना मी विचारले, "घरमालकीण आपणच ना?"

"घर माझ्या नावावर आहे," त्या म्हणाल्या. "पण मालक आत झोपले आहेत. हळू बोला."

मालक म्हणजे त्यांचे यजमान, असा मी अर्थ घेतला, चपला काढल्या आणि पाय न वाजवता आत गेले. पुढच्या खोलीत दोन लोखंडी खाटा होत्या. एकीवर डोक्याला पट्टी बांधलेला एक गवंडी झोपला होता; दुसरीवर किरकोळ अंगाची एक म्हातारी भिंतीला टेकून आमच्याकडे पाहत होती.

"हे दोघे," बाईंनी ओळख करून दिली. "तुम्ही मागच्या खोलीत राहायचं. भाडं माझ्याकडे, तक्रार यांच्याकडे."

म्हातारीने गंभीरपणे मान हलवली. "पंखा लय आवाज करते. पयलेच सांगून ठेवतो."

सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून मी भंडाऱ्याच्या एका प्रयोगशाळेत कंत्राटी नोकरीवर आले होते. वर्षभरात संशोधनासाठीची प्रवेशपरीक्षा द्यायची आणि निघून जायचे, असा माझा कार्यक्रम होता, आणि त्यात माणसांसाठी वेळ राखलेला नव्हता. खोली स्वच्छ होती, खिडकी पूर्वेला होती, प्रयोगशाळा पायी गाठता येत होती. पुढच्या खोलीतली आजारी माणसे मी गैरसोयींच्या यादीत टाकली आणि सामान आणले.

बाई एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवून निवृत्त झाल्या होत्या. लग्न केले नव्हते. उंचीने बेताच्या, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, आणि आवाज असा की शेजारच्या वर्गानेही वही उघडावी. जिल्हा रुग्णालयातून सुटी मिळालेली, पण गावाकडच्या एसटीत उभे राहण्याइतके बळ न आलेली माणसे त्यांच्याकडे येत. वॉर्डातली एक सिस्टर त्यांची जुनी विद्यार्थिनी होती. ती अशांना बाईंचे घर दाखवून देई. कोणी चार दिवस राही, कोणी महिनाभर. बाई पैसे घेत नसत आणि औषधही देत नसत. औषध डॉक्टरांनी लिहिलेले असे; बाईंकडे खाट, जेवण आणि हाक मिळे. हमाल असो, मजूर असो, प्रत्येकाला त्या ‘मालक’ म्हणत. बायकांनाही मालकच. ‘मालकीण’ त्यांना चालत नसे. मालकीण म्हटले की ती कोणा मालकाची बायको झाली, असे त्यांचे म्हणणे.

बाई जाऊन आता काही वर्षे झाली. मी रुग्णालयांतल्या संसर्गांवर संशोधन करते, जुन्या-नव्या अनेक वॉर्डांतून हिंडले आहे, पण रुग्णालय या शब्दाने डोळ्यांसमोर प्रथम येतात त्या बाईंच्या दोन खाटा, ज्यांना शास्त्रीय व्याख्येने कोणी रुग्णालय म्हणणार नाही.

या साऱ्याचे मूळ मध्ययुगीन युरोपात होते. अकरावीला त्या काळावर एक धडा असे आणि त्यात, ख्रिस्ती साधूंचे संघ रुग्णालयेही चालवीत, अशा अर्थाचे एकच वाक्य होते. बाई त्या वाक्यापाशी थांबत आणि दिवाळीपर्यंत हलत नसत. त्यांचा एक विद्यार्थी, जो पुढे शहरात औषधांचे दुकान चालवू लागला, मला म्हणाला होता, "आमच्या बॅचले फ्रेंच राज्यक्रांती झालीच नाही, मॅडम. आम्ही दवाखान्यातच होतो." सूर तक्रारीचा होता. पण लगेच त्याने त्या रुग्णालयांत खाटेजवळ काय काय ठेवीत, ते न अडखळता म्हणून दाखवले.

ते मीही आज म्हणून दाखवू शकते. जेरुसलेमला यात्रेकरूंसाठी मोठे रुग्णालय चालवणारा एक संघ होता. त्याच्या नियमांत लिहिले होते की रुग्णाला शौचाला जाताना थंडी वाजू नये, म्हणून अंगावर घ्यायला उबदार झगा आणि पायात घालायला जोडा दिला पाहिजे. म्हणून बाईंच्या प्रत्येक खाटेखाली नव्या रबरी सपाता आणि उशाच्या खुंटीला घोंगडी असे. भंडाऱ्याच्या मे महिन्यातही असे.

"बाई, बाहेर आग पडते आहे," मी म्हणे.

"नियमात उन्हाळ्याची सूट लिहिलेली नाही."

मठांच्या रुग्णशाळेत खाटा अशा मांडत की पडल्यापडल्या प्रार्थनागृहातली वेदी दिसावी. बाईंनी दोन्ही खाटांची तोंडे स्वयंपाकघराकडे केली होती. आजारी माणसाला फोडणी दिसली पाहिजे, मुक्तीचे नंतर पाहता येईल, असे त्या म्हणत. बुद्धाची तसबीर खाटांच्या मागच्या भिंतीवर होती. पाहुण्यांपैकी कोणी तरी त्यावरून टोकले, तेव्हा बाईंनी शांतपणे सांगितले, "तो पाहून राहिला यांच्याकडं. यांनी त्याच्याकडं मान वळवायची काय गरज आहे?"

संघातल्या निरोगी साधूंना मांस वर्ज्य असे आणि आजारी साधूला मुभा असे. बाईंनी हा नियम स्वतःला लावून घेतला होता. त्यांचा धाकटा भाऊ एसटीच्या आगारात मेकॅनिक होता आणि कारध्याला राहत असे. दर रविवारी तो पूल ओलांडून वैनगंगेची मासळी घेऊन येई. तिचा रस्सा दोन खाटांना आणि मला मिळे (मी नियमाबाहेरची होते), आणि मासळीवर जीव असलेल्या बाई शेजारी बसून वरण-भात खात.

"मी तुह्यासाठी आणतो, ताई," भाऊ चिडून म्हणे.

"मले काय झालं आहे?"

एकदा बाईंना सर्दी झाली. त्या रविवारी त्यांनी दोन वाट्या रस्सा घेतला, आणि जेवण संपेपर्यंत शिंका थांबू नयेत याची काळजी त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती.

आमचे वाद होत. त्या काळच्या रुग्णालयांत पुष्कळदा एका खाटेवर दोन-दोन, तीन-तीन रुग्ण निजवीत असत, हे मी वाचले होते. संसर्गाच्या दृष्टीने पाहता ती रुग्णालये नव्हती, जंतू वाढवण्याची उत्तम पात्रे होती, असे मी त्यांना सांगितले. त्या रागावतील असे वाटले होते.

"बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या. "मरत होतेच लोक. तिथं जाऊन बरे किती झाले, ते मलाही माहीत नाही."

"मग कौतुक कशाचं?"

"त्यांना कोणी घरात घेत नव्हतं, पोरी. यांनी घेतलं."

मला हे उत्तर अपुरे वाटले. मी खाटांच्या दांड्यांवरून, तांब्यावरून, दाराच्या कडीवरून नमुने नेले, प्रयोगशाळेत वाढवले आणि त्यांची छायाचित्रे बाईंपुढे ठेवली. त्यांनी चष्मा सावरून ती निकालपत्रासारखी पाहिली.

"सगळ्यात घाण काय निघालं?"

"दाराची कडी."

"अन् सगळ्यात स्वच्छ?"

"सपाता," मला सांगावे लागले. "त्या कोणी घालतच नाही."

त्या दिवसापासून दारात साबण आला, प्रत्येकाचा टॉवेल वेगळा झाला, कडी रोज पुसली जाऊ लागली. माझ्या सूचनांना बाई ‘नियम’ म्हणू लागल्या आणि मला कळण्याच्या आत मी त्या संघात दाखल झाले. मठांत जेवताना बोलत नसत, एक जण धर्मग्रंथ वाचून दाखवी. ते वाचण्याचे कामही माझ्याकडे आले. काय वाचू, असे विचारल्यावर, "तुझा जो ग्रंथ असेल तो," एवढेच उत्तर मिळाले. मी प्रवेशपरीक्षेची पुस्तके मराठी करून वाचू लागले. गवंडी घास हातात धरून ऐकत राही. म्हातारीने एकदा अडवले, "दिसत नाही म्हणतेस तं मोजले कोनं?" त्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर द्यायला मला जेवढी तयारी करावी लागली, तेवढी पुढे मुलाखतीच्या मंडळासाठीही करावी लागली नाही.

‘मालक’ हा शब्दही जेरुसलेमच्या त्याच संघाकडून आलेला. त्या संघात शिरताना शपथ घ्यावी लागे की रुग्ण हे आमचे धनी आणि आम्ही त्यांचे दास. उमरावांची मुलेही ही शपथ घेत. नोकरीला नुकत्या लागल्या असताना बाईंनी हे कुठल्याशा इंग्रजी पुस्तकात वाचले होते.

"धनी अन् दास मला पुस्तकी वाटलं," त्यांनी मला सांगितले. "आमच्याकडं मालक अन् सालदार. वर्षाच्या बोलीनं दुसऱ्याच्या घरी राबतो तो सालदार. माझा बाप सालदार होता. सरदाराचा पोरगा आजारी भिकाऱ्याचा सालदार होते, हे वाचलं अन् मी पुस्तक मिटलं. त्या दिवशी पुढं वाचताच आलं नाही."

शब्द कुठून आला ते त्या दिवशी कळले. तो त्यांना किती महाग आहे, ते मात्र धान निसवायला, म्हणजे लोंब्या बाहेर पडायला, लागले त्या सुमारास दिसले.

तेव्हा एका खाटेवर लाखांदूरकडची एक मजूर बाई होती. धानाच्या लावणीच्या, म्हणजे रोवण्याच्या, चिखलात बांधावरून घसरून तिचा पाय मोडला होता आणि पलस्तर मांडीपर्यंत होते. आम्ही तिला मावशी म्हणत असू. पहिल्या दिवशी बाईंनी "मालक, चहा," म्हटले, तेव्हा मावशीने कोण आले आहे हे पाहायला मागे वळून भिंतीकडे पाहिले होते. पण शब्द तिला लवकर मानवला. आठवड्याच्या आत ती कप पुढे करून, "मालकाले अजून घोटभर चालते जी," असे म्हणू लागली. भेटायला आलेल्या सुनेला तिने सांगितले, "इथं मले मालक म्हणतेत. तू घरी काय म्हणतेस ते सांगू का बाईले?"

दुसरी खाट रिकामी होती. एका दुपारी सिस्टरने एका वृद्ध गृहस्थांना रिक्षातून आणले. न्यूमोनियातून उठलेले, अंगात बळ नाही, मुलगा परगावी, इतक्यात येणार नाही. धोतर, कोट, हातात कापडी पिशवी. बाई नेहमीप्रमाणे दारात गेल्या, पिशवी घ्यायला हात पुढे केला आणि नेहमीप्रमाणे गाव विचारले. गृहस्थांनी गाव सांगितले आणि पुढे म्हणाले, "आता नाही ते. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. आम्ही पुनर्वसनात आहो."

बाईंचा हात पिशवीवर तसाच राहिला.

"या," त्या म्हणाल्या.

‘या मालक’ असे म्हणायला हवे होते. मावशीने पाहिले, मी पाहिले. बाईंनी त्यांना खाटेवर बसवले, सपाता दाखवल्या, घोंगडी दाखवली, ऊन पाणी दिले. एकही गोष्ट चुकली नाही. फक्त हाक नव्हती. संध्याकाळी जेवण वाढताना त्यांनी मावशीलाही हाक मारली नाही. दोन ताटे ठेवली आणि "जेवा," एवढे म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीही तसेच, तिसऱ्या दिवशीही. मी निरीक्षण करायला शिकलेली होते, त्यामुळे त्यातली पद्धत माझ्या लक्षात आली: एकाला म्हणता येत नाही म्हणून त्यांनी तो शब्द दोघांसाठीही बंद केला होता. त्या घरात पंगतीत भेद करायचा नाही, हाही नियमच होता.

चौथ्या दिवशी मावशीने चहाचा कप खाली ठेवला. "बाई, माह्यं काही चुकलं का जी?"

"काहून?"

"काही नाही. पाय बरा होऊन राहिला, म्हनून विचारलं. आता राहाचं का जाचं, ते सांगा."

बाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग गेले. त्या वाल सोलायला बसल्या होत्या आणि सोललेले दाणे कचऱ्यात, साली ताटात टाकत होत्या. मी ताट बदलले आणि सरळ विचारले.

"ते आमच्या गावचे छोटे मालक," त्या म्हणाल्या. "मी पाचवीत होते. रोवणा चालू होता अन् बाबाला ताप होता. हे तेव्हा जवान होते, पंचविशीचे असतील. अंगणाच्या काठावर उभे राहिले. आत नाही आले, आमच्या घरात कोण येणार. तिथूनच हाक मारली. बाबा म्हणाला, ‘आलो मालक.’ अन् उठला. माय म्हणत होती, जाऊ नका. तो गेला. बांधावर पडला, त्याला उचलून आणलं. नंतर ताप डोक्यात गेला तर तेच म्हणत होता. आलो मालक, आलो मालक. त्याच आठवड्यात गेला."

मी वाल सोलत राहिले.

"मी हा शब्द त्यांच्याकडून काढून घेतला होता," बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं वापरला. हमालाला म्हटलं, कामवालीला म्हटलं. माझा झाला होता तो. आता त्यांनाच म्हणू? अन् त्यांना नाही म्हटलं, तर मग या घरात तो खोटाच होता."

"त्यांनी तुम्हाला ओळखलं आहे का?"

"मला? मी अंगणात खेळणारी पोरगी होते. त्यांना बाबा तरी आठवतो का, कोणाला माहीत."

रविवारी भाऊ मासळी घेऊन आला. दारातच त्याने खाटेकडे पाहिले आणि थांबला. बाईंनी त्याला आधी काही कळवले नव्हते. कळवायला हवे होते असे मला वाटले, पण तो त्यांच्या घरचा प्रश्न होता. वृद्ध गृहस्थांनीही मान उचलून त्याच्याकडे बराच वेळ पाहिले.

"तुमची उभं राहाची ढब ओळखीची वाटते जी," ते म्हणाले. "आमच्याकडं एक सालदार होता, त्याच्यासारखी."

"सारखी नाही," भाऊ म्हणाला. "त्याचाच पोरगा हावो मी. अन् हे त्याची पोरगी. तिच्या घरात झोपून आहा तुम्ही."

गृहस्थांनी बाईंकडे पाहिले, मग उशाच्या तांब्याकडे, मग अंगावरच्या घोंगडीकडे. ती त्यांनी बाजूला केली. पाय खाली सोडले आणि सपाता टाळून स्वतःचे जोडे शोधू लागले.

"मले गाडी पाहून द्या," ते म्हणाले.

"आज नाही जाता येणार," मी म्हटले. "उभे राहू नका." ते उभे राहिले. श्वास भराभर चालू झाला आणि ओठांचा रंग मला आवडला नाही. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कोणाच्याही नजरेला पडू नये अशा जागी आपण असावे, एवढेच त्यांना हवे असल्यासारखे दिसत होते. भाऊ दारातून बाजूला झाला. वाट मोकळी करून दिली.

"जाऊ दे त्याले, ताई," तो म्हणाला. "स्वतःहून उठला आहे. तू नको बोलू."

ते भिंत धरून एक पाऊल पुढे आले. बाई स्वयंपाकघराच्या दारात होत्या, हात ओले होते.

"मालक," त्या म्हणाल्या. "पडा."

"नाही बाई, मी..."

"मालक, पडा म्हणते ना. अंगात ताकद नाही तुमच्या. कुठं चालले?"

इतक्या महिन्यांत मी तो शब्द त्यांच्या तोंडून पुष्कळदा ऐकला होता, पण असा ऐकला नव्हता. वर्गात मागच्या बाकावर उभ्या राहिलेल्या मुलाला बसवण्याचा तो आवाज होता. गृहस्थ खाटेवर बसले, मग आडवे झाले. बाईंनी घोंगडी त्यांच्या गळ्यापर्यंत ओढली आणि मी त्यांची नाडी धरली.

भाऊ बहिणीकडे पाहत राहिला. मासळीची पिशवी अजून त्याच्या हातात होती.

"हे बी त्याले वाढशीन?"

"आजारी आहे तो."

"बाबा बी आजारी होता."

"मले माहीत आहे," बाई म्हणाल्या. "मी होतो ना तिथं. तू पाळण्यात होता."

त्याने पिशवी उंबऱ्यावर ठेवली आणि चहा न घेता गेला. स्कूटर सुरू करताना त्याला बराच वेळ लागला.

त्या दिवशी रस्सा झाला. "मालक, जेवा," बाईंनी मावशीला म्हटले, आणि दुसरे ताट ठेवताना पुन्हा तेच, त्याच आवाजात. मावशीने कोणाकडे न पाहता, "आज तिखट बरं जमलं," असे म्हणून वातावरण पुष्कळसे सावरले. मी पुस्तक उघडले होते, पण वाचले नाही. बऱ्याच वेळाने गृहस्थ ताटाकडे पाहत म्हणाले,

"मले मालूम नव्हतं, एवढा ताप होता त्याले."

"विचारलं नव्हतं तुम्ही," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या वाटीत आणखी एक पळी वाढली.

पुढच्या रविवारी भाऊ आला नाही. मावशीने दुपारपर्यंत रस्त्याकडे कान ठेवला आणि मग वरणाला नावे ठेवली. बाईंनी भावाला फोन केला नाही. त्यांच्यात या आधी कधी रविवार चुकला नव्हता; तो चुकल्याचे बाईंना किती लागले, हे मला त्यांच्या हातून दोनदा करपलेल्या भातावरून कळले. ते दोघे एकमेकांना एवढेच होते. बुडालेल्या गावातले त्यांचे घर, त्यांचे आई-बाप, अंगण, बांध हे सारे ज्यांना आठवते अशी आणखी माणसे आता फार उरली नव्हती. एक उरले होते, ते खाटेवर होते.

गृहस्थांचा श्वास सुधारला. ते अंगणात फेऱ्या मारू लागले. बाईंशी ते फारसे बोलत नसत. पण एकदा मी कडी पुसत असताना त्या दोघांचे बोलणे कानावर पडले. गावच्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवर आंब्याची झाडे किती होती, यावरून वाद चालला होता. गृहस्थ एक आकडा सांगत होते, बाई दुसरा. "तुम्ही मोजले असतील," बाई शेवटी म्हणाल्या, "मी चढली होतो." तो वाद त्यांनी जिंकला.

निघायचा दिवस ठरला तेव्हा मी भावाला फोन केला. माझी पद्धत सरळ होती: गृहस्थ सकाळी निघतील, एसटी स्टँडपर्यंत सोडायला कोणी नाही, रिक्षात हादरे बसतात. "मी कायले येऊ?" असे म्हणून त्याने फोन ठेवला. हे अपेक्षित होते, म्हणून मी रिक्षा सांगून ठेवली.

सकाळी बाईंनी गृहस्थांची पिशवी भरली. त्यांनी कोट घातला, बुद्धाच्या तसबिरीकडे पाहून काय करावे ते न कळल्यासारखे थोडे थांबले आणि उंबऱ्यापाशी आले. तेवढ्यात स्कूटर येऊन फाटकाशी उभी राहिली. भाऊ उतरला नाही. त्याने आमच्याकडे पाहिलेही नाही. आरसा नीट करत बसला.

बाईंनी गृहस्थांच्या हातात पिशवी दिली.

"तुमचा श्वास आता चांगला आहे," त्या म्हणाल्या. "बरे झाले तुम्ही. आजपासून मालक नाही म्हणणार. बऱ्या माणसाले या घरात मालक म्हणत नाहीत."

हा नियम मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्यापूर्वी बरी होऊन गेलेली माणसे रिक्षात बसेपर्यंत मालकच असत. गवंडी तर गावाहून फोन करी तेव्हाही मालक होता. पण बाईंचा चेहरा असा होता की हे वाक्य जेरुसलेमपासून चालत आले असावे.

गृहस्थांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मंग काय म्हणान?"

"बाबापेक्षा लहान होते तुम्ही," बाई म्हणाल्या. "काकाजी म्हणीन."

त्यांनी मान हलवली. ते पायऱ्या उतरून स्कूटरपाशी गेले, पाय वर घेतला, मागे बसले आणि हात कुठे ठेवावा ते कळेना म्हणून तो तसाच अधांतरी राहिला. भावाने मागे न वळता सांगितले, "खांद्याले धरा."

हात हलला नाही.

"धरा जी काकाजी. रस्त्यात गड्डे आहेत, पडान."

मग त्यांनी खांदा धरला. आधी बोटांनी, मग पूर्ण हाताने. "हळू चालव रे," बाई म्हणाल्या. "रविवारी येशील तं झिंगे आण." स्कूटर खरोखरच हळू गेली. मी सांगून ठेवलेली रिक्षा त्यांच्या मागून येऊन थांबली, तिला मी परत पाठवले.

बाई वळून आत आल्या. दुसऱ्या खाटेवरची चादर त्यांनी ओढून काढली, उशीचा अभ्रा काढला. मावशी हे सारे पलस्तरावर हात ठेवून पाहत होती, आणि दारातले बोलणे तिने एकूण एक ऐकले होते.

"बाई," तिने जरा घाबरतच विचारले, "मी तं अजून बरी नाही झाली ना?"

"नाही मालक," बाई म्हणाल्या. "तुमचं पलस्तर निघायचं आहे."